कफील कोणाला म्हणायचे? सारंगापासून स्पॉन्सरपर्यंत

रमजानच्या आठवडाभर आधीची गोष्ट. माझा एक माजी विद्यार्थी घरी आला. दहावीनंतर आयटीआयमधून वेल्डरचा कोर्स केलेला, पुढे मुरबाड एमआयडीसीत आणि भिवंडीकडच्या कारखान्यांत पाच-सहा वर्षे हात काळे केलेला. खिशातून त्याने दोन कागद काढले. एक सौदीतल्या मोठ्या बांधकाम कंपनीचे ऑफर लेटर, दुसरे कतारमधल्या एका छोट्या फॅब्रिकेशन वर्कशॉपचे.

"सर, अब्बा म्हणतात मोठी कंपनी धर, बुडणार नाही. चाचा म्हणतात कंपनी सोड, ओळखीचा कफील बघ. तुम्ही सांगाल तसं करतो."

"तुम्ही सांगाल तसं" हे शब्द ऐकले आणि मला धास्ती वाटली. का वाटली ते पुढे सांगतो. त्याला मी एवढेच म्हणालो, की उद्या अस्रनंतर ये. त्या रात्री बसून जे आठवले, जे पूर्वी वाचले होते, ते सगळे कागदावर उतरवले. हा लेख त्यातूनच झाला आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या आपल्या घरांतून आजही कोणी ना कोणी बाहेर जाण्याच्या तयारीत असतो. प्रत्येक जण पगार किती ते विचारतो. आपल्याला बोलावणारा माणूस कोण आहे, हे विचारणारे फार थोडे. हा प्रश्न मात्र आजचा नाही. किमान दोनशे वर्षे जुना आहे.

सुरुवात जहाजापासून करावी लागते. आपले दोन्ही तालुके समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. पण आपली नाती-गोती कल्याण, भिवंडीपासून खाली रायगड, रत्नागिरीपर्यंत पसरलेली आहेत, आणि त्या किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमानांनी इंग्रजी जहाजांवर पिढ्यान्पिढ्या खलाशी म्हणून काम केले. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकची माणसे बरीचशी कोकणची, इंजिनखान्यात पंजाबी आणि पठाण, जेवणखाणाच्या कामाला गोव्याचे ख्रिस्ती, अशी वाटणी ठरून गेलेली होती. इंग्रज या सगळ्यांना लास्कर म्हणत.

१८२३ साली ब्रिटिश पार्लमेंटने लास्करांसाठी कायदा केला. हिंदुस्थानातून नेलेला खलाशी पुन्हा हिंदुस्थानात पोहोचवण्याची जबाबदारी जहाजाच्या मालकावर टाकली. वरवर पाहता ही गरिबाची सोयच होती. पण तिची दुसरी बाजू अशी, की ज्याने परत न्यायची हमी घेतली, त्याच्या हातातून खलाशाला सुटता येईना. लंडनच्या बंदरात उतरून दुसऱ्या जहाजावर चांगल्या पगाराची नोकरी धरावी, हे गोऱ्या खलाशाला शक्य होते. लास्करचा करार वेगळा, पगार कमी, आणि करार संपायचा तो हिंदुस्थानच्या बंदरात. जहाज सोडले की तो पळपुटा ठरायचा. माझ्या मते आजच्या स्पॉन्सरशिपचे बीज इथे आहे. जो परत आणायची हमी देतो, तोच बाहेर पडायची वाट अडवतो.

ही नोकरी मिळत होती कशी? कंपनीचा गोरा अधिकारी कोकणातल्या खेड्यात येत नव्हता. मधे असायचा सारंग. सारंग म्हणजे डेकवरच्या हिंदी खलाशांचा मुकादम. तो आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसे घेऊन टोळी उभी करायचा. मुंबईत खलाशी महिनोन् महिने काम नसताना पडून राहायचे, तेव्हा राहायला जागा आणि खायला उधार देणारे लोकही याच साखळीत असत. नोकरी लागली की पहिल्या पगारातून ते कर्ज आणि वर सारंगाची दस्तुरी जायची. सारंग "आपला माणूस" असायचा, म्हणूनच त्याच्याविरुद्ध तोंड उघडता येत नसे. त्याच्याविरुद्ध बोलणे म्हणजे गावाविरुद्ध बोलणे.

१९२० साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने खलाशांच्या भरतीविषयी एक करार मंजूर केला. खलाशाला नोकरी मिळवून देण्याचा धंदा कोणी नफ्यासाठी करू नये, त्याच्याकडून त्यासाठी पैसे घेऊ नयेत, असे त्याचे सूत्र होते. त्यानंतर हिंदुस्थान सरकारने खलाशांच्या भरतीची चौकशी केली, आणि पुढे कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात हीच दलाली आणि लाच पुन्हा नोंदवली. म्हणजे कामाला जाणाऱ्याने पैसे मोजायचे नसतात, हे तत्त्व शंभर वर्षांपूर्वी कागदावर आलेले आहे. आपल्या गावात ते अजून पोहोचायचे आहे.

याच सुमारास इराणच्या आखातात तेल निघाले. आबादानची रिफायनरी उभी राहिली, आणि अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीने फिटर, सुतार, लोहार, कारकून यांची भरती हिंदुस्थानातून केली. १९२० च्या डिसेंबरमध्ये आबादानच्या हजारो हिंदी कामगारांनी पगारासाठी संप केला. आखातात आपली माणसे कमवायला गेली हे सगळे सांगतात. तिथे शंभर वर्षांपूर्वी ती संपावरही गेली होती, हे आपल्या पोरांना कोणी सांगत नाही.

१९२२ च्या एमिग्रेशन कायद्यात "कुशल कामा"साठी माणसे परदेशी नेणाऱ्यावर वेगळ्या अटी घातल्या गेल्या. नेणाऱ्याने आधी सरकारची परवानगी घ्यायची, कामाच्या अटी सांगायच्या, परतीच्या प्रवासाची तजवीज दाखवायची, जामीन ठेवायचा. म्हणजे वेल्डर, फिटर नेणाऱ्या मालकाची चौकशी आधी व्हावी, ही कल्पना तेव्हाची आहे.

आता कफील या शब्दाकडे येतो. मी उर्दू शिकवतो, म्हणून हा शब्द मला अधिक टोचतो. कफालत म्हणजे सांभाळ, जबाबदारी. कुरआनात सूरह आल-इमरानमध्ये हजरत मरियम यांचा सांभाळ हजरत जकरिया यांच्याकडे आला, तिथे याच धातूचा शब्द आहे. यतीमाची कफालत करणाऱ्याचा दर्जा आपण लहानपणापासून मशिदीत ऐकतो. फिक्हमध्ये कफील म्हणजे दुसऱ्याच्या देण्याची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेणारा जामीनदार. तिन्ही ठिकाणी ओझे कफीलाच्या खांद्यावर आहे. ज्याची कफालत घेतली, त्याच्या खांद्यावर नाही.

मग तो शब्द उलटा कसा झाला? आपल्याकडे अनेकांना वाटते, की हा अरबांचा जुना रिवाज आहे किंवा शरियतचा भाग आहे. इतिहास तसे सांगत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहारीन, कुवेत वगैरे छोटी राज्ये ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होती. बाहेरून मोती काढणारे पाणबुडे येत, १९३२ ला बहारीनमध्ये तेल सापडल्यावर तेल कंपन्यांची माणसे येऊ लागली. या परक्या माणसांवर नजर ठेवायला ब्रिटिशांकडे ना पोलीस पुरेसे, ना पैसा. म्हणून प्रत्येक परक्यासाठी एक स्थानिक जबाबदार माणूस ठरवायचा, आणि प्रवेशासाठी "ना हरकत" दाखला लागायचा, अशी पद्धत बसली. सरकारचे काम खाजगी माणसाच्या गळ्यात घातले गेले. ब्रिटिश गेले, पद्धत राहिली. शब्द आपल्या दीनमधला आणि व्यवस्था वसाहतीची, असा तो प्रकार आहे.

१९५० च्या दशकापर्यंत आखातात आपलाच रुपया चालत होता. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, इतका तो व्यवहार जवळचा होता. १९७३ नंतर तेलाचे भाव कडाडले आणि माणसांची मागणी एकदम वाढली. त्या काळात आपल्याकडच्या घरांवर कौलाच्या जागी स्लॅब आले, टेपरेकॉर्डर आले, लग्नात "मुलगा दुबईला आहे" हे वाक्य पदवीपेक्षा जड झाले. त्याच काळात मुंबईत गल्लोगल्ली एजंटही आले.

१९२२ चा कायदा या गर्दीला पुरा पडेना, म्हणून १९८३ चा एमिग्रेशन कायदा झाला. भरती करणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची झाली, सुरक्षा ठेव आली, आणि कमी शिकलेल्यांच्या पासपोर्टवर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या मंजुरीची अट आली. या मंजुरीच्या वेळी मालकाचा करार तपासला जातो. पुढे २००७ पासून दहावी पास झालेल्याला ही मंजुरी लागेनाशी झाली. आपल्या मुलांनी याला बढती मानले. "सर, माझा पासपोर्ट ईसीएनआर आहे," हे ते छाती फुगवून सांगतात. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की तुमचा करार तपासणारा सरकारी डोळा आता नाही. तो तुम्हीच तपासायचा.

हे मला फार उशिरा कळले, आणि एका घराला त्याची किंमत मोजावी लागली.

२००९ ची गोष्ट. बीएड होऊन शिक्षक झाल्याला मला चार-पाच वर्षे झाली होती. एका मुलाचे वडील कागद घेऊन आले. सौदीचा "आझाद व्हिसा" होता. मुंबईच्या एका ऑफिसमधला माणूस तो देत होता. माझी आणि त्या माणसाची एका लग्नात ओळख झाली होती. बोलायला गोड, नमाजी, आपल्याच बोलीत बोलणारा. मी मुलाच्या वडिलांना म्हणालो, "माणूस चांगला आहे. मी ओळखतो." एवढेच वाक्य. लाखाच्या वर रक्कम गेली, त्यातली अर्धी आईचे दागिने गहाण ठेवून.

आझाद व्हिसा म्हणजे काय, तर कागदावर एक कफील, काम कुठेही शोधायचे, आणि कफीलाला दर महिन्याला ठरलेली रक्कम पोहोचवायची. कायद्यात असा व्हिसाच नाही. रक्कम एक महिना चुकली की कफील हुरूबची तक्रार करील, म्हणजे माणूस पळाला असे कळवील, ही भीती चोवीस तास. २०११ मध्ये सौदीने निताकात आणले. सौदी नागरिकांना किती नोकऱ्या दिल्या, त्यावरून कंपन्यांना लाल, पिवळा, हिरवा आणि प्लॅटिनम असे वर्ग दिले. लाल कंपनीला कामगारांचा इकामा नूतन करता येईना. २०१३ मध्ये जो आपल्या कफीलाकडे काम करत नाही त्याची धरपकड सुरू झाली, आणि त्याआधी मुदत दिली गेली. त्या मुदतीत एक लाखाहून अधिक भारतीय परत आले. तो मुलगा त्यांतलाच. चार वर्षांत दागिने सुटले नव्हते.

त्याचे वडील मला कधी काही बोलले नाहीत. एकदा बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "सर, तुमचा काय दोष, नसीब." मला ते शिवीपेक्षा कठीण गेले. कारण नसीब नव्हते ते. मी न तपासता कफालत घेतली होती. चार शब्दांची असली, तरी ती कफालतच होती. जबाबदारी माझी आणि ओझे त्यांच्या खांद्यावर, हे तर मीही तसेच केले.

म्हणून चाचांचे "ओळखीचा कफील बघ" हे म्हणणे मला पटत नाही. सारंगही ओळखीचा होता.

आणि अब्बांचे "मोठी कंपनी बुडणार नाही" हे? त्याचेही उत्तर आहे. सौदी ओजर ही सौदीतल्या सगळ्यात मोठ्या बांधकाम कंपन्यांपैकी एक होती. राजवाडे, विद्यापीठे बांधलेली. २०१६ मध्ये तिच्याकडचे हजारो भारतीय कामगार अनेक महिन्यांच्या पगाराविना जेद्दाच्या आसपासच्या कॅम्पांत अडकले. दूतावासाला त्यांच्या खाण्याची सोय करावी लागली, केंद्रीय राज्यमंत्री तिथे गेले. परत यायचे तर कंपनीची मंजुरी हवी, आणि कंपनीत सही करायला माणूस नाही, अशी अवस्था होती. २०१७ मध्ये कंपनी बंद झाली. मोठेपणाने पगार मिळत नाही, चालू कामांची बिले निघाली तर मिळतो.

हा प्रश्न फक्त आखाताचा आहे असेही नाही. माझ्या सासुरवाडीच्या, मुरबाडकडच्या नात्यातली एक मुलगी नर्सिंग शिकली. तिला इंग्लंडच्या केअर होमची ऑफर आली, तेव्हा मला कळले की तिकडे स्पॉन्सर होण्यासाठी मालकालाच परवाना लागतो, आणि परवानाधारकांची पूर्ण यादी ब्रिटिश सरकार जाहीर करते. कोणीही ती पाहू शकतो. पण यादीत नाव असणे पुरेसे नाही. २०२२ च्या फेब्रुवारीपासून केअर कामगारांना हा मार्ग मोकळा झाला, आणि २०२४ अखेरपर्यंत त्या क्षेत्रातल्या ४७० हून अधिक मालकांचे परवाने काढून घेतले गेले. मालकाचा परवाना गेला की कामगाराला साधारण ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधावा लागतो. २०२५ च्या जुलैत परदेशातून केअर कामगार आणणेच बंद झाले.

अमेरिकेचा एच-वन-बी तर आपल्या इंजिनिअर मुलांना पाठ असतो. १९९० च्या कायद्याने आलेला हा व्हिसा. आज वर्षाला ६५ हजारांची मर्यादा आणि तिथे मास्टर्स केलेल्यांसाठी २० हजार जास्त. तिथेही अर्ज कंपनी करते, नोकरी गेली की ६० दिवस. कोणत्या कंपनीचे किती अर्ज मंजूर झाले, किती फेटाळले, हे तिथले सरकार वर्षवार जाहीर करते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावली गेली, तेव्हा स्पॉन्सरशिप ही कंपनीच्या मर्जीइतकीच सरकारच्या मर्जीवर उभी असते, हे सगळ्यांना दिसले. कॉम्प्युटर इंजिनिअर असो की वेल्डर, दोघांच्याही गळ्यात दोर एकाच पद्धतीचा आहे. फक्त लांबी वेगळी.

बदल झालेच नाहीत असे नाही. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाच्या ना हरकत दाखल्याची अट काढली, आणि २०२१ च्या मार्चपासून १,००० रियाल किमान वेतन लागू केले. सौदीनेही २०२१ च्या मार्चमध्ये काही अटींवर मालक बदलायची वाट दिली. पगार बँकेतूनच देण्याची सक्ती बहुतेक देशांत आली. कागदावर कफालत सैल झाली आहे. प्रत्यक्षात किती, ते मालकावर अवलंबून.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा अस्रनंतर आला. मी त्याला सांगितले, की "हे धर" असे मी म्हणणार नाही. पाच गोष्टी आपण दोघे मिळून तपासू.

पहिली, एजंटाचा नोंदणी क्रमांक. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तो खरा आहे का, चालू आहे का. दुसरी, पैसे. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि पावती द्यावीच लागते. जो पावती देत नाही, तो उद्या ओळख देणार नाही. तिसरी, व्हिसावरचा पेशा. वेल्डरला वेल्डरचाच व्हिसा हवा. "लोडिंग-अनलोडिंग"च्या व्हिसावर गेलात, तर तिकडच्या कायद्याच्या नजरेत तुमचे कौशल्य शून्य. चौथी, बाहेर पडायची वाट. करार मोडायचा तर काय, पासपोर्ट कोणाकडे राहणार. भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, मालकाने कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. आणि पाचवी, सगळ्यात महत्त्वाची. आज तिथे काम करणारी दोन माणसे आणि तिथून सोडून आलेला एक माणूस शोध. एजंटाने दिलेले नंबर नकोत. आपण शोधलेले हवेत. त्यांना एकच विचार, गेल्या सहा महिन्यांत पगार कोणत्या तारखेला आला.

या पाचव्या गोष्टीला आठवडा लागला. पडघ्याच्या एका दुकानदाराचा भाचा सौदीच्या त्या कंपनीत निघाला. त्याने सांगितले, पगार दोन-अडीच महिने मागे चालतो, लोक गप्प बसलेत. कतारच्या वर्कशॉपमधून सोडून आलेला एक माणूस किन्हवलीजवळ सापडला. तो म्हणाला, काम भरपूर, मालक तापट, पण पगार दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेत. पण व्हिसाच्या कागदावर पेशा हेल्पर लिहिलेला होता.

मुलगा म्हणाला, "चालेल सर, गेल्यावर बदलून घेईन." मी म्हणालो, नाही. आधी बदलून घे, मग जा. घरचे माझ्यावर नाराज झाले. हातातली संधी जाईल असे त्यांना वाटत होते, आणि गेलीही असती. मी ते लपवले नाही. एजंट दोनदा रागावला. दीड महिन्याने कागद दुरुस्त होऊन आला.

तो आता कतारमध्ये आहे. पासपोर्ट त्याच्या पेटीत आहे. परवा फोनवर म्हणाला, मालक खरंच तापट आहे. मी विचारले, पगार? म्हणाला, तीन तारखेला आला.

सगळ्यांचे असे होईलच, असे मी म्हणत नाही. पण कोणी "हा माणूस कसा आहे?" असे विचारायला आले, तर "मी ओळखतो" एवढ्यावर मी आता थांबत नाही. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात, जमातीत परतलेली माणसे आहेत. कोणत्या मालकाने पगार दिला, कोणी बुडवला, कोणी वेळेवर खुरूज दिला, हे त्यांना तोंडपाठ आहे. ते एका वहीत लिहून ठेवायला काय हरकत आहे? वहीला पैसे लागत नाहीत. शहापूरसाठी अशी वही मी सुरू केली आहे. पहिल्या पानावर २००९ ची ती गोष्ट लिहिली आहे, माझ्या नावासकट.